पाण्याखालून दिसणारी माशी

मुलांनो, आमच्या लहानपणी पोहणं विहिरीत शिकायचं असे. कमरेला वाळका भोपळा बांधायचा आणि काठावरून कुणीतरी ढकलून द्यायचं. भोपळा सुटला त्या दिवशी मी पहिली खोल बुडी मारली आणि तळाकडून डोळे उघडून वर बघितलं. डोक्यावर उजेडाचं एक गोल तबक होतं. धूसर दिसत होतं खरं, पण आभाळ, काठावरची माणसं, वाकलेला उंबर, सगळं त्या तबकात आकसून बसलं होतं. तबकाबाहेर मात्र पाण्याचं छत आरशासारखं झालेलं, आणि त्यात विहिरीचीच काळी भिंत उलटी दिसत होती.

मासा जन्मभर हेच तबक बघतो. हवेतला उजेड पाण्यात शिरताना वाकतो, म्हणून वरचं सगळं जग, या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत, माशाला सुमारे 97 अंशांच्या शंकूत मावलेलं दिसतं. मासा फूटभर खोल असेल तर त्याचं हे तबक, म्हणजे त्याचा वर बघायचा झरोका, साधारण सव्वादोन फूट रुंद असतो. तो जसजसा वर येईल तसतसा झरोका लहान होत जातो. हे नीट लक्षात ठेवा, कारण आजची गोष्ट या झरोक्याचीच आहे.

आपल्याकडे गळाला गांडूळ लावतात, नाहीतर कणकेची गोळी. पण युरोपातल्या थंड नद्यांत ट्राउट नावाचा मासा राहतो. पाण्यावर तरंगत येणारे बारीक कीटक टिपणं हा त्याचा आवडता उद्योग. ते कीटक इतके नाजूक, की गळाला टोचले तर त्यांची चिंधीच होते. मग माणसाने कीटक हातानेच घडवला. जवळजवळ 1800 वर्षांपूर्वी एलियन या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय, की मॅसिडोनियातले कोळी गळाभोवती लाल लोकर गुंडाळतात आणि तिला कोंबड्याची दोन पिसं बांधतात.

पण त्या लोकरीत ट्राउटला नेमकं काय दिसतं, याचा छडा लावायला बसला तो इंग्लंडचा आल्फ्रेड रोनाल्ड्स. स्टॅफर्डशायरमधल्या ब्लाइथ नदीच्या काठी त्याने एक झोपडी उभारली, ती मासे धरण्यासाठी नव्हे, त्यांना न्याहाळण्यासाठी. माशांच्या नजरेआड बंदुकीचे बार काढायला लावले, तर मासे जागचे हलले नाहीत. तिखट आणि मोहरी फासलेल्या मेलेल्या माश्या नळीतून फुंकून पाण्यावर टाकल्या, तर ट्राउटनी त्याही गिळल्या. म्हणजे कान आणि जीभ यांपेक्षा भिस्त डोळ्यांवर. 1836 साली त्याचं पुस्तक निघालं. त्यात खरा कीटक आणि त्याची बांधलेली नक्कल शेजारीशेजारी काढलेली होती, शास्त्रीय नावांसकट. गळ टाकणाऱ्याने आधी कीटक ओळखायला शिकावं, ही वाट त्याने घालून दिली. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

आता ज्याची नक्कल करायची त्या कीटकाकडे या. इंग्रजीत त्याला मेफ्लाय म्हणतात. त्याची मोठी जात, एफिमेरा डॅनिका, नदीच्या तळच्या गाळात बीळ करून साधारण दोन वर्षं काढते. मे महिना सरत आला की ही पिल्लं पोहत वर येतात, पाण्याच्या पातळीवर कात टाकतात आणि पंख वाळेपर्यंत इवल्या शिडाच्या होडीसारखी वाहत राहतात. मग उडून झुडपात जातात आणि तिथे पुन्हा एकदा कात टाकतात! पंख फुटल्यावरही कात टाकणारा दुसरा कीटक आज पृथ्वीवर नाही. आता पंख काचेसारखे झालेले असतात. तोंड मात्र निकामी, कारण यापुढे खायचंच नाही. संध्याकाळी नराचे थवे हवेत वरखाली नाचतात, मादी अंडी पाण्यात सोडते आणि पंख पसरून पाण्यावर निपचित पडते. त्या काही दिवसांत नदीत ट्राउटची नुसती पंगत बसलेली असते.

गळावर बांधलेल्या या नकलेलाही माशीच म्हणतात, आणि नक्कल करणाऱ्याला एक माशी बांधून भागत नाही. पोहणारं पिल्लू, होडीसारखी तरंगणारी, आणि पंख पसरून पडलेली, अशा निरनिराळ्या बांधाव्या लागतात. एक छोटा शेगडा असतो, त्यात गळ पकडायचा. बारीक रेशमी दोऱ्याचे वेढे देत आधी शेपटीचे तंतू बसवायचे, मग अंग भरायचं, आणि शेवटी कोंबड्याच्या मानेवरचं लांब ताठ पीस गळाभोवती गुंडाळायचं. त्याचे तंतू चाकाच्या आऱ्यांसारखे चहूकडे उभे राहतात आणि त्यांच्या टोकांवर माशी पाण्यावर तोलून धरली जाते. ही टोकं म्हणजे पाय. माशी झरोक्याबाहेर असते तेव्हा मासा तिला बघूच शकत नाही, मध्ये आरसा असतो. पण पाय टेकतात तिथे पाण्याच्या पातळीला खळगे पडतात, आणि आरशात ते ठिणग्यांसारखे चमकतात. ट्राउट प्रथम ओळखतो त्या ठिणग्या. माशी झरोक्याच्या कडेशी आली की आधी तिचे पंख दिसू लागतात, अंग मागाहून.

काही कारागीर पिसाच्या तंतूला गाठ मारून पायाचा गुडघासुद्धा करतात. ते काम बघून मी थक्क होतो. तरी माझं मन जातं ते फ्रँक सॉयरकडे. विल्टशायरमधल्या एव्हन नदीचा हा राखणदार. वर्षानुवर्षं पाण्यात बघून त्याला कळलं, की मेफ्लायच्या काही जातींची पिल्लं पोहताना पाय अंगाशी घट्ट मिटून घेतात. म्हणून त्याने आपल्या नकलेला पायच ठेवले नाहीत. फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तांबूस तंतू आणि बारीक तांब्याची तार, बस्स! दोरासुद्धा नाही. तारेच्या वजनाने ती नक्कल खाली जाते, आणि ट्राउट तिच्यावर झडप घालतात. 1958 मध्ये त्याचं पुस्तक आलं, आणि ही माशी आजही जगभर बांधली जाते. सगळ्यांत खरी नक्कल मी तिलाच म्हणेन.

या कलेत आपल्या सह्याद्रीचंही एक पीस आहे. आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवर मेणाचे थेंब सांडावेत तशी चकचकीत ठिपक्यांची पिसं असतात. सामन माशासाठी बांधायच्या भडक माश्यांत ती मानाने बसवली जायची, आणि त्यापायी कितीतरी कोंबडे मारले गेले. आता भारतात त्याची शिकार आणि पिसांचा व्यापार कायद्याने बंद आहे, आणि ते योग्यच झालं.

मेफ्लाय बघायला मात्र विलायतेला जायला नको. पावसाळा ओसरल्यावर घाटातल्या स्वच्छ ओढ्यावर जा. वाहत्या पाण्यातला एखादा चपटा दगड हळूच उचलून उलटा करा. पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांची झालर आणि मागे बहुधा तीन शेपट्या असलेला चिमुकला जीव सरपटताना दिसला, की तेच मेफ्लायचं पिल्लू. डोळे भरून बघा, आणि दगड होता तसा, होता तिथेच ठेवा.