एकच पान, चार पत्ते

देवपूरच्या एका मित्राचं मसाल्याचं दुकान. पाकिटावर कुणी ‘देवपूर, धुळे’ लिहितं, कुणी ‘पांझरेपलीकडे’, पोस्टमन पोचतोच. गूगलही पोचतं, पण त्यातला एकच पत्ता स्वतःच्या मनाने निवडतं!

मित्राच्या वेबसाइटवर काळ्या मसाल्याचं पान एचटीटीपी, एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह, शिवाय जाहिरातीतून आलेल्या प्रश्नचिन्हाच्या शेपटीसह उघडायचं. शोधात नेमका शेपटीवाला पत्ता वर. ते सुधारताना मी आधी घोळच घातला: शेपटीवाले पत्ते रोबोट्स फाइलमध्ये अडवले. अडवलेलं पान गूगल वाचतच नाही, मग ती नक्कल आहे हे त्याला कळणार कसं? अडवणूक काढली.

मग एचटीटीपी आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवरून एचटीटीपीएसच्या पत्त्यावर ३०१ रिडायरेक्ट, म्हणजे घर कायमचं बदलल्याची पाटी. (३०२ तात्पुरती.) शेपटीवाल्यांत कॅनॉनिकल टॅग, ‘खरं पान ते’ सांगणारा. गूगल, याहू, मायक्रोसॉफ्टने तो २००९ मध्ये मिळून आणला. पण तो हुकूम नव्हे, शिफारस. म्हणून साइटमॅप (पानांची यादी) आणि आतल्या लिंकाही त्याच पत्त्याच्या हव्यात. आमच्या मेनूत जुनीच लिंक राहिली होती, ती शेवटी सापडली. गूगलने कोणता पत्ता निवडला, ते सर्च कन्सोलच्या यूआरएल तपासणीत दिसतं. बदल दिसायला मात्र दिवस, कधी आठवडेही जातात.