चीजविना खारे मफिन आणि स्कोन

परीक्षेच्या दिवसांत मंडळाच्या अभ्यासिकेतील मुलांसाठी संध्याकाळचे खाणे आम्ही महिला सभासद घरून करून नेतो. पोहे-उपम्याला मुले कंटाळली, म्हणून एका वर्षी खारे मफिन करावयाचे ठरले. कृतीत शंभर ग्रॅम चीज सांगितले होते. ते महाग पडते, शिवाय अभ्यासिकेतील एका मुलीला दूध चालत नाही. म्हणून आम्ही चीज तेवढे गाळले आणि बाकी प्रमाण तसेच ठेवले. मफिन फुगले छान. पण चवीला अळणी आणि इतके कोरडे, की घास घशाखाली उतरेना. मुलांनी भिडेखातर संपवले. आणि ज्या मुलीसाठी हा खटाटोप, तिला एकही देता आला नाही, कारण पिठात ताक होते! हे आमच्या लक्षात आले ते ताटल्या मांडल्यावर.

चूक कोठे झाली हे समजण्यासाठी चीज पिठात कोणते काम करते ते पाहावे लागेल. चेडर जातीच्या चीजमध्ये सुमारे एक तृतीयांश स्निग्धांश असतो, पाव हिस्सा प्रथिने आणि शंभर ग्रॅममागे पावणेदोन ग्रॅमच्या आसपास मीठ. म्हणजे शंभर ग्रॅम चीज गाळले, की सुमारे तेहतीस ग्रॅम स्निग्धांश आणि चहाचा पाव चमचा भरून मीठ आपण नकळत कमी करतो. ते परत द्यावयास हवे. त्यासाठी अडीच मोठे चमचे तेल आणि तेवढे मीठ वाढवले की कोरडेपणा व अळणीपणा दोन्ही जातात.

उरते ती चव. मुरलेल्या चीजची ती खमंग, जिभेवर रेंगाळणारी चव मुख्यतः ग्लुटामेटमुळे येते. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने 1908 साली समुद्रशेवाळाच्या अर्कातून हा घटक वेगळा केला. पिकलेल्या टोमॅटोत आणि अळंबीतही तो असतो. म्हणून दोन टोमॅटो तेलावर पाणी आटेपर्यंत परतावेत, कांदा चांगला तांबूस करावा, लसूण भाजून ठेचावा आणि वर भाजलेले तीळ घालावेत. कच्चा कांदा मात्र घालू नये. मिठाने त्याला पाणी सुटते आणि मफिन मध्यभागी गिच्च राहतो. मेथी किंवा पालक घालावयाचा तर परतून, घट्ट पिळून घ्यावा.

बारा मफिनना अडीचशे ग्रॅम मैदा, दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, पाव चमचा खाण्याचा सोडा, एक चमचा मीठ, दोन अंडी, शंभर मिलिलिटर तेल आणि दोनशे मिलिलिटर ताक लागते. वर सांगितलेले जादा तेल-मीठ यात धरलेच आहे. ज्यांना दूध चालत नाही त्यांच्यासाठी ताकाऐवजी सोया दूध किंवा साधे पाणी घ्यावे व त्यात मोठा चमचाभर लिंबाचा रस पिळावा. सोड्याला आंबट पदार्थ मिळाला की कर्बवायू निघतो व पीठ फुगते. सोडा जास्त पडला तर साबणासारखी चव येते. कोरडे व ओले जिन्नस एकत्र केल्यावर दहा-बारा वेळाच ढवळावे. गुठळ्या दिसल्या तरी दिसू द्याव्यात. फेटत बसलो तर मैद्याला चिवटपणा येतो. दोनशे अंश तापमानावर वीस मिनिटे पुरतात.

विद्यार्थ्यांनी येथे एक भेद ध्यानात ठेवावा. काहींना दुधातील साखर पचत नाही. मुरलेल्या कठीण चीजमध्ये ती फारच थोडी उरते, त्यामुळे अशांपैकी अनेकांना थोडे चीज चालते. दुधातील प्रथिनांची ॲलर्जी ही मात्र निराळी गोष्ट आहे. तिथे लोण्याचा हात लावलेला साचासुद्धा धोक्याचा, प्रसंगी जिवावर बेतणारा. काही मार्गारीनमध्येही दुधाचे घटक असतात, तेव्हा वेष्टन वाचूनच घ्यावे.

स्कोन त्याहून सोपे. शंकरपाळ्यांना आपण कडकडीत मोहन घालतो; येथे नेमके उलट करावयाचे. अडीचशे ग्रॅम मैद्यात एक मोठा चमचा बेकिंग पावडर व चमचाभर मीठ मिसळावे, मग पंचाहत्तर ग्रॅम थंड, घट्ट वनस्पती तूप बोटांच्या टोकांनी रव्यासारखे होईतो चोळावे. परतलेली मेथी-लसूण घालून, मावेल तेवढ्या पाण्यात पीठ हलक्या हाताने गोळा करावे. पोळीच्या कणकेसारखे मळू नये. बोटभर जाड थापून वाटीने सरळ दाबून कापावे; वाटी फिरवली तर कडा दबतात आणि स्कोन वाकडा फुगतो. भट्टी दोनशे वीस अंशांवर असेल तर बारा ते पंधरा मिनिटे.

ओव्हन नाही म्हणून कोणी अडून बसू नये. स्कॉटलंडमध्ये स्कोन मुळात तव्यावरच भाजत असत. जाड लोखंडी तवा मंद आचेवर ठेवून, अर्ध्या बोटाएवढे जाड स्कोन दोन्ही बाजूंनी सहा-सात मिनिटे भाजावेत. आच वाढवली तर वरून करपतात व आत कच्चे राहतात. आमच्यातील निम्म्या जणी असेच करतात. अभ्यासिकेच्या दिवशी आम्ही दूध न लागलेला तवा निराळा काढतो आणि पहिला घाणा त्याच तव्यावर टाकतो.