विश्लेषण : भेदी व्यवहारात नुकसान नेमके कुणाचे होते? हिंदुस्थान लीव्हर प्रकरण आजही का महत्त्वाचे?

सांताक्रूझ पूर्वेच्या वाकोल्याच्या एका बाजूला अंधेरीतील चकाला आहे, तर दुसऱ्या बाजूला वांद्रे-कुर्ला संकुल. चकाल्यात हिंदुस्थान युनिलिव्हरचे मुख्यालय आहे, तर संकुलात भांडवली बाजाराची नियामक ‘सेबी’ आणि यूटीआय म्युच्युअल फंडाचे कार्यालय. तीन दशकांपूर्वी, या संस्थांची कार्यालये दक्षिण मुंबईत असताना, एका व्यवहाराने त्यांना आमनेसामने आणले. भेदी व्यवहारांबाबतचे, म्हणजे इनसायडर ट्रेडिंगचे, देशातील ते पहिले गाजलेले प्रकरण. आज वाकोला, कलिना, सांताक्रूझमधून हजारो लोक रोज संकुलातील बँका, दलाली पेढ्या आणि लेखापरीक्षण संस्थांमध्ये कामाला जातात. त्यांच्यापैकी कुणाच्याही टेबलावर अशी माहिती येऊ शकते. त्यामुळे हा विषय फक्त बड्या संचालकांपुरता उरलेला नाही.

भेदी व्यवहार म्हणजे काय?

कंपनीचे तिमाही निकाल, लाभांश, विलीनीकरण, मोठे कंत्राट, वरिष्ठ अधिकाऱ्याचा राजीनामा अशी माहिती जाहीर झाली की समभागाचा भाव हलतो. ती जाहीर होण्यापूर्वी कायद्याच्या भाषेत ‘अप्रकाशित किंमत-संवेदनशील माहिती’ असते. अशी माहिती हाती असताना समभागांची खरेदी-विक्री करणे म्हणजे भेदी व्यवहार. अभ्यास करून, ताळेबंद वाचून, कारखान्याबाहेर उभे राहून मालमोटारी मोजून कुणी अंदाज बांधला तर तो गुन्हा नाही. आपल्या पदामुळे, नात्यामुळे किंवा ओळखीमुळे मिळालेली, इतरांना मिळूच न शकणारी माहिती वापरणे हा गुन्हा आहे.

हिंदुस्थान लीव्हर प्रकरणात काय घडले?

हिंदुस्थान लीव्हर आणि ब्रुक बाँड लिप्टन इंडिया या दोन्ही युनिलिव्हर समूहाच्याच कंपन्या. मार्च १९९६ मध्ये हिंदुस्थान लीव्हरने युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाकडून ब्रुक बाँडचे ८ लाख समभाग प्रत्येकी ३५० रुपये ३५ पैशांना विकत घेतले. व्यवहार साधारण २८ कोटींचा. भाव त्यावेळच्या बाजारभावापेक्षा सुमारे १० टक्के चढा होता. त्यामुळे यूटीआयला सौदा फायद्याचा वाटला असणार. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच १९ एप्रिल १९९६ रोजी दोन्ही कंपन्यांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली. तोवर ब्रुक बाँडचा भाव बराच वर गेला होता.

खरेदी करताना हिंदुस्थान लीव्हरला विलीनीकरणाची कल्पना होती, विकणाऱ्या यूटीआयला नव्हती, असा निष्कर्ष सेबीने काढला. मार्च १९९८ च्या आदेशात यूटीआयला तीन कोटी रुपयांहून अधिक भरपाई देण्यास आणि संबंधित संचालकांवर खटला भरण्यास सांगण्यात आले.

मग निकाल का फिरला?

कंपनीने अर्थ मंत्रालयातील अपील प्राधिकरणाकडे दाद मागितली. जुलै १९९८ मध्ये प्राधिकरणाने सेबीचा आदेश रद्द केला. हिंदुस्थान लीव्हर ‘भेदी’च्या व्याख्येत बसते, हे प्राधिकरणाने मान्य केले. मात्र विलीनीकरणाची चर्चा वृत्तपत्रांतून आधीच झाली होती, त्यामुळे माहिती ‘अप्रकाशित’ नव्हती, असे त्याचे मत पडले.

सेबीने त्यातून धडा घेतला. २००२ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली आणि प्रसारमाध्यमांतील तर्कवितर्काच्या बातम्या म्हणजे ‘प्रकाशित माहिती’ नव्हे, हे स्पष्ट करण्यात आले. ‘असे होणार म्हणतात’ ही कुजबुज आणि ‘असे ठरले आहे’ ही खात्री यांत फरक आहे. पैसा कमावला जातो तो खात्रीवर.

नुकसान नेमके कुणाचे?

भेदी व्यवहारात कुणाच्या खिशात थेट हात घातला जात नाही, म्हणून तो ‘बिनबळीचा गुन्हा’ असल्याचा युक्तिवाद नेहमी होतो. एरवी बाजारात समोरचा विक्रेता दिसत नाही, त्यामुळे हा युक्तिवाद खपूनही जातो. १९९६ च्या प्रकरणाचे महत्त्व हे की, त्यात समोरच्याला नाव आणि पत्ता होता. यूटीआयकडे असलेला पैसा पगारदार, निवृत्त आणि लहान बचतदारांचा होता. विलीनीकरण होणार हे ठाऊक असते तर त्यांच्या वतीने ८ लाख समभाग त्या भावाला विकले गेले असते का, हाच खरा प्रश्न. कायद्याच्या लढाईत कंपनी जिंकली, तरी तो प्रश्न संपत नाही. भेदी माहितीवर मिळवलेल्या प्रत्येक रुपयामागे असा कुणीतरी विक्रेता वा खरेदीदार असतोच. फक्त बहुतेकदा त्याला आपण काय गमावले हेही कळत नाही.

आज ‘भेदी’ कोण ठरतो?

२०१५ पासून लागू असलेल्या नियमांनुसार कंपनीशी संबंधित व्यक्ती तर ‘भेदी’ ठरतेच, पण अप्रकाशित माहिती जिच्या हाती आहे अशी कोणतीही व्यक्तीही ठरते. संचालक, कंपनी सचिव, लेखापरीक्षक, वकील यांच्याइतकाच मसुदा टंकलिखित करणारा कर्मचारी त्यात येतो. पती-पत्नी तसेच आर्थिकदृष्ट्या अवलंबून असलेले आई-वडील, भावंडे, मुले हे ‘निकटचे नातेवाईक’ मानले जातात. स्वतः व्यवहार न करता कामाच्या गरजेशिवाय नुसती माहिती पुरवणे हेही उल्लंघनच. म्हणूनच तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यानंतर ४८ तासांपर्यंत कंपनीच्या नियुक्त कर्मचाऱ्यांसाठी ‘ट्रेडिंग विंडो’ बंद असते. गोपनीय माहिती कुणाला, केव्हा दिली याची डिजिटल नोंदही कंपनीला ठेवावी लागते.

सिद्ध करणे अवघड का?

माहिती बहुधा तोंडी जाते आणि मागे कागद उरत नाही. २०१७ मध्ये काही बड्या कंपन्यांचे तिमाही आकडे जाहीर होण्याआधीच व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरल्याचे उघड झाले. सेबीने दंड केला. पण माहिती कंपनीतूनच फुटली हे दाखवता आले नाही. रोखे अपील लवादाने २०२१ मध्ये दंड रद्द केला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. त्याच वर्षी पीसी ज्वेलर प्रकरणात, केवळ नाते आहे म्हणून माहिती पोहोचली असे गृहीत धरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. संशयावरून शिक्षा नको, हे तत्त्व योग्यच. पण त्यामुळे नियामकाला फोनच्या नोंदी, व्यवहारांच्या वेळा आणि पैशाचा माग यांची साखळी जुळवावी लागते.

शिक्षा किती?

किमान १० लाख रुपये, तर कमाल २५ कोटी किंवा मिळवलेल्या नफ्याच्या तिप्पट, यापैकी जी रक्कम अधिक असेल तितका दंड होऊ शकतो. फौजदारी खटल्यात १० वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. टाळलेला तोटा हाही नफाच समजला जातो. इंडसइंड बँकेने १० मार्च २०२५ रोजी डेरिव्हेटिव्ह व्यवहारांच्या हिशेबातील तफावत जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी समभाग सुमारे २७ टक्क्यांनी कोसळला. ही तफावत ठाऊक असताना पाच अधिकाऱ्यांनी आधीच समभाग विकून तोटा टाळला, असे प्रथमदर्शनी मत नोंदवत सेबीने मे २०२५ मध्ये अंतरिम आदेशाद्वारे १९.७८ कोटी रुपये गोठवण्यास सांगितले.

सामान्य गुंतवणूकदाराने काय करावे?

देशातील डिमॅट खाती आता २० कोटींच्या पुढे गेली आहेत. ‘आतली खबर’ म्हणून येणाऱ्या बहुतेक टिपा खोट्या असतात आणि त्यात पैसे बुडतात. एखादी खरी निघालीच, तर ती वापरणारा स्वतःच कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. म्हणजे दोन्हीकडून तोटा. याउलट, भेदी व्यवहाराची ठोस माहिती देणाऱ्यासाठी सेबीने २०१९ मध्ये बक्षीस योजना आणली. तिची कमाल मर्यादा आता १० कोटी रुपये आहे. कंपनीत काम करणाऱ्यांसाठी कसोटी याहून सोपी आहे. आपल्याला जे ठाऊक आहे ते समोरच्यालाही ठाऊक असते, तर त्याने हा सौदा केला असता का? उत्तर ‘नाही’ असेल तर तो सौदा करू नये.