जुन्या मोटारगाड्यांचे अग्रदीप

मोटारगाडीच्या पुढील भागी बसविलेल्या व रात्री रस्ता उजळणाऱ्या दिव्यांना अग्रदीप म्हणतात. व्यवहारात ‘हेडलाइट’ हाच शब्द रूढ आहे. परावर्तक काळवंडल्यामुळे, काच फुटल्यामुळे किंवा मूळ प्रकाश अपुरा पडू लागल्यामुळे जुन्या गाड्यांचे अग्रदीप बदलावे लागतात. तसे करताना विद्युत् पुरवठा, तारजोडणी व प्रकाशशलाकेची दिशा यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

विकास : आरंभीच्या मोटारगाड्यांत तेलाचे व ॲसिटिलीन वायूचे दिवे वापरीत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून विद्युत् दिवे प्रचारात आले. अमेरिकेत १९४० च्या गाड्यांपासून तंतू, परावर्तक व काच एकसंध असलेला बंदिस्त दिवा सार्वत्रिक झाला. त्याचा व्यास ७ इंच (सु. १७·८ सेंमी.) होता. ॲम्बॅसॅडर, प्रीमियर पद्मिनी व जीप या भारतात दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या गाड्यांचे गोल दिवेही याच व्यासाचे असल्याने त्यांचे पर्यायी भाग सहज मिळतात. दोन तंतूंचा एच-४ हा हॅलोजन बल्ब १९७१ मध्ये आला.

रचना : परावर्तक अन्वस्तीय असतो. त्याच्या केंद्रावरील तंतूचा प्रकाश जवळजवळ समांतर होऊन दूरवर जातो. एच-४ बल्बमध्ये आखूड पल्ल्याचा तंतू केंद्राच्या किंचित पुढे असून त्याच्याखाली धातूची वाटी असते. त्यामुळे परावर्तकाच्या वरच्या अर्ध्या भागावरच प्रकाश पडतो व तो खाली वळतो. तंतूच्या जागेत थोडा फरक पडला, तरी शलाका विस्कटते. म्हणूनच हॅलोजन बल्बासाठी घडविलेल्या परावर्तकात एलईडी दिवा बसविल्यास प्रकाश वाढल्यासारखा वाटला, तरी तो योग्य जागी पडेलच असे नाही. काळवंडलेला परावर्तक घासून साफ केल्यास त्यावरील पातळ मुलामा निघून जातो. त्याला नव्याने मुलामा देणे किंवा तो बदलणे इष्ट.

विद्युत् भार : काही जुन्या गाड्यांत ६ व्होल्टची विद्युत् घटमाला असते; तिच्यासाठी त्याच व्होल्टतेचा बल्ब लागतो. १२ व्होल्टच्या गाडीत ६० वॉटचे दोन दिवे १० अँपिअर प्रवाह घेतात, तर १०० वॉटचे दोन दिवे जवळजवळ १७ अँपिअर. अनेक जुन्या डायनामोंची क्षमता सु. २० अँपिअरच असल्याने इतर कामांसाठी फारसे काही उरत नाही. शिवाय तारा व कळ तापतात. व्होल्टता एकदशांशाने घटली, तर तंतूचा प्रकाश सु. तीस टक्क्यांनी घटतो. त्यामुळे जादा वॉटचा बल्ब घालण्याआधी गंजलेले जोड साफ करावेत, भूजोडणी तपासावी आणि रिले व फ्यूज यांमार्फत घटमालेपासून जाड तार आणावी. पुष्कळदा मंद दिव्याचा दोष बल्बात नसून तारेत असतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांत घटमालेचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असते. तंतूच्या दिव्यास त्याने फरक पडत नाही, परंतु इलेक्ट्रॉनिक दिवा घेताना हे पाहावे लागते.

शलाकेची दिशा : भारतात वाहतूक डावीकडून चालते, म्हणून आखूड शलाकेची कड डाव्या बाजूस वर चढणारी हवी. अमेरिका किंवा यूरोप खंडातील बहुतेक देशांसाठी केलेली काच बसविल्यास तीच कड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर चढते. समायोजनासाठी गाडी सपाट जागी भिंतीपासून १० मी. अंतरावर उभी करतात. दिव्याच्या मध्यापेक्षा आखूड शलाकेची कड सु. १० सेंमी. खाली यावी.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील महत्त्व : या जिल्ह्यांत ऊस गाळपाच्या हंगामात बैलगाड्या व ट्रॅक्टर रात्रीही रस्त्यावर असतात. मागे दिवा नसलेली, उसाने भरलेली गाडी मंद प्रकाशात उशिरा दिसते. ताशी ६० किमी. वेगाची मोटार सेकंदाला सु. १७ मी. जाते, चालक ब्रेक दाबेपर्यंतच सु. २५ मी. अंतर सरते. उलट वाई–पाचगणी मार्गावरील पसरणी घाटासारख्या वळणांवर चुकीच्या दिशेचा प्रखर झोत समोरच्या चालकास क्षणभर आंधळे करतो आणि रस्त्याची कड दिसेनाशी होते. त्यामुळे मंद दिव्याइतकाच अतिप्रखर दिवाही धोक्याचा ठरतो.

मूळ रूपाचे जतन : केंद्र शासनाच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या व सांगाडा, बाह्यकवच किंवा एंजिन यांत मोठा फेरफार न केलेल्या गाड्यांची स्वतंत्र नोंदणी होते. अशा गाडीची मूळ कडी व बाह्य रूप कायम ठेवून त्याच मापाचा हॅलोजन संच आत बसविणे सोयीचे असते. काढलेले मूळ दिवे जपून ठेवावेत. प्रदर्शनाच्या वेळी ते पुन्हा बसविता येतात.