मोरब्याच्या पाण्यात धुतलेला रोल

मे महिन्यात नेरूळच्या इमारतीत नळ सोडला, की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तिसाच्या वर तापलेलं येतं. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मच्या डेव्हलपरला, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाला, मात्र वीस अंश हवे असतात. नळाला येणारं मोरबे धरणाचं पाणी आणि थंड मुलखात ठरलेला हा आकडा, यांचा मेळ घालणं हेच नवी मुंबईत घरी रोल धुण्यातलं निम्मं काम.

इल्फर्डच्या एचपी-५ रोलला आयडी-११ डेव्हलपरमध्ये, तितकंच पाणी मिसळलं तर, वीस अंशांना १३ मिनिटं लागतात. चोवीसला साधारण ९. तिसाला वेळ इतकी आखडते, की रसायन टँकमध्ये ओतेपर्यंतच एका कडेला काम सुरू झालेलं असतं आणि फोटोतल्या आकाशात पट्टे उमटतात. म्हणून मी वीसचा हट्ट सोडून चोवीस धरतो. बादलीत बर्फ, बर्फात बाटल्या, हातात थर्मामीटर. एकटा डेव्हलपर गार करून भागत नाही. स्टॉप बाथ, चित्र पक्कं करणारा हायपो, शेवटचं धुण्याचं पाणी, सगळं जवळपास सारख्याच तापमानाचं लागतं. गार डेव्हलपरमधून एकदम गरम नळाखाली गेलेली फिल्म वरच्या जिलेटिनवर जाळी धरते, आणि ती पुढे कशानेही जात नाही.

त्याआधी रोल रिळावर चढवायचा, तोही पूर्ण अंधारात. प्रकाशबंद चेंजिंग बॅगेत कोपरापर्यंत हात घातले, की पावसाळ्यात लगेच घाम सुटतो. रीळ जरासं दमट असलं तरी फिल्म मध्येच अडते. तिथे जोर लावायचा नाही. जोर लावला की घडी पडते आणि निगेटिव्हवर नखाच्या आकाराचा डाग येतो. हात बाहेर काढता येत नाहीत, दिसत काहीच नाही. बोटांनीच कड शोधायची, दोन घरं मागे यायचं, पुन्हा सरकवायचं.

या हवेत घरी फिल्म धुणं काही नवं नाही. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला, त्या दिवसांत दादासाहेब फाळक्यांच्या दादरच्या घरी कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडण्याचं आणि ती धुण्याचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत होत्या. सिनेमाच्या इतिहासात त्यांचं नाव ओझरतं येतं. चेंजिंग बॅगेत हात अडकलेले असताना मला फाळक्यांपेक्षा त्याच जास्त आठवतात.

२०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा फिल्म संपली असं सगळ्यांनीच धरलं होतं. पण २०२४ मध्ये पेंटॅक्सने फिल्मचा कोरा करकरीत कॅमेरा बाजारात आणला. आता रविवारी सकाळी दिवाळे गावच्या जेट्टीवर किंवा चार्ल्स कोरियांनी बेलापूरला उभारलेल्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये विशीतली मुलं वडिलांचा जुना याशिका घेऊन फिरताना दिसतात. उटीच्या कारखान्यातली आपली ‘इंदू’ फिल्म कधीच बंद झाली. सगळे रोल परदेशी, एकेक हजाराच्या आसपास. तरीही मुलं ते घेतात, छत्तीस फोटो जपून काढतात. मला याचं फार अप्रूप वाटतं.

एक गोष्ट मात्र टोचते. रोल लॅबला गेला, स्कॅन मोबाइलवर आले, की कित्येकजण निगेटिव्ह आणायला जातच नाहीत. अरे, खरी वस्तू तीच! स्कॅन ही तिची एक नक्कल, आजच्या यंत्राच्या कुवतीची. निगेटिव्ह नीट धुतलेली असेल, सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवली असेल, बुरशीपासून वाचली, तर तीस वर्षांनी तिच्यातून याहून चांगली प्रत निघेल.

घरी धुणाऱ्यांनी वापरलेल्या हायपोचंही पाहायला हवं. फिल्मवरची न वापरली गेलेली चांदी त्यात उतरलेली असते. ते मोरीत ओतू नये. इथलं सांडपाणी शेवटी ठाणे खाडीत जातं, फ्लेमिंगो उतरतात त्याच खाडीत. मी ते कॅनमध्ये साठवतो आणि त्यात साध्या लोखंडाच्या बारीक तारेचा गुंता सोडतो, स्टेनलेस स्टीलचा चालत नाही. लोखंड विरघळत जातं आणि चांदी काळ्या गाळासारखी तळाशी बसते. गाळ वेगळ्या बरणीत. उरलेलं पाणीही खाडीच्या वाटेला न लावता, रसायनांची विल्हेवाट लावणाऱ्यांकडेच द्यायचं.