आठ हातांचा पाहुणा आणि परसातली खोली



आजच्या विषयाचे नाव ऐकून काही मंडळी हसतील, काही नाक मुरडतील. समुद्रातला आठ हातांचा प्राणी ऑक्टोपस आणि आपल्या घरामागचा संडास, या दोहोंवरची विनोदी व साहसी पुस्तके मुलांना वाचून दाखवावीत की नाही, हा तो विषय. दोहोंचा एकमेकांशी संबंध काय? संबंध एवढाच, की पहिली वस्तू वाशीम जिल्ह्यातल्या मुलाने कधी डोळ्यांनी पाहिलेली नसते, आणि दुसरी इतकी जवळची असते की तिच्याविषयी कोणी तोंड उघडत नाही. जे दिसत नाही आणि जे बोलायचे नाही, ते दोन्ही मुलांपर्यंत गोष्टीच्या पुस्तकातून फार चांगले पोचते, असे माझे मत आहे.

पुस्तकांची गोष्ट वाशीमला नवी नाही, बरं का. वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखर नावाच्या संस्कृत पंडिताने हजारेक वर्षांपूर्वी 'काव्यमीमांसा' लिहिली. तीत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या या दोघांचे लग्न त्याने लावले आहे, आणि ते लावले आहे विदर्भातल्या वत्सगुल्म नगरीत! ज्या गावी साहित्याचेच लग्न लागले, त्या गावच्या आसपासच्या शाळेत गोष्टीची पुस्तके कपाटात कुलूपबंद असावीत, हे काही शोभत नाही.

आता समुद्राकडे वळू. रिसोड-मालेगावपासून समुद्र चारशे किलोमीटरांहून अधिक लांब. आपली पैनगंगा उलट पूर्वेला निघालेली. तेव्हा आपल्या मुलांना समुद्र भेटतो तो पुस्तकातच. आणि पुस्तकातला सगळ्यांत गाजलेला समुद्र म्हणजे ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाचा. १८७० साली त्याची पाणबुडीवरची कादंबरी पुस्तकरूपाने पुरी झाली. नॉटिलस ही ती पाणबुडी आणि कॅप्टन नेमो हा तिचा धनी. बहामा बेटांजवळ राक्षसी आठ-हाती प्राणी पाणबुडीला वेढतात, एकाचा हात दारातून आत येतो, एका खलाशाला उचलतो, आणि कुऱ्हाडी घेऊन सगळे तुटून पडतात. तो खलाशी काही वाचत नाही. एरवी दगडासारखा असलेला नेमो त्याच्यासाठी रडतो. वर्गात हा भाग वाचताना घाई करू नका. मुले श्वास रोखून ऐकतात ती कुऱ्हाडींसाठी, पण त्यांच्या ध्यानात राहतो तो रडणारा कप्तान.

हा नेमो कोण, हे पहिल्या कादंबरीत कळतच नाही. ते कळते १८७५ च्या 'गूढ बेटा'च्या कादंबरीत. तो निघतो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, टिपू सुलतानाचा नातलग, १८५७ च्या उठावात लढलेला आणि सर्वस्व गमावून समुद्राखाली गेलेला! फ्रान्समध्ये बसून व्हर्नने आपल्या देशातला बंडखोर पाण्याखाली नेऊन ठेवला. इतिहासाच्या तासाला सत्तावनचा धडा निघाला की ही गोष्ट जरूर सांगावी.

व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या मराठीत आणल्या त्या भा. रा. भागवतांनी. १९१० साली इंदूरला जन्मलेल्या या गृहस्थांनी पुढे फुरसुंगीचा बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे उभा केला आणि महाराष्ट्रातल्या दोनतीन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. त्यांचा हा पोरगा किडकिडीत, 'टॉक' करणारा, आणि संकटात उडी घ्यायला सदा तयार. तो राजवाड्यातला नाही, आपल्यासारख्या घरातला आहे. साहसकथेचा नायक असाच असावा. म्हणजे मानोऱ्याच्या पोरालाही वाटते, हे आपल्यालाही जमेल.

पण एक सावधगिरी. व्हर्नने रंगवलेला प्राणी खरा मानू नका. जहाज बुडवणाऱ्या दैत्याच्या दंतकथांमागे बहुधा महाकाय माकूल आहे. माकूल आणि ऑक्टोपस हे चुलतभाऊ. माकुलाला आठ हात आणि वर दोन लांब सोंडा असतात, ऑक्टोपसला फक्त आठ हात. महाकाय माकूल बारा मीटरांच्या घरात जातो आणि इतका खोल राहतो की समुद्रात जिवंत असताना त्याचे छायाचित्र निघाले ते थेट २००४ साली, जपानी संशोधकांकडून. ऑक्टोपस मात्र बहुतेक लहानखुरा आणि भित्रा असतो. आपल्या कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या डबक्यात त्याचे छोटे भाऊबंद सापडतात.

पण खरा ऑक्टोपस खोट्याहून नवलाचा आहे. त्याला हाड म्हणून नाही. कठीण असते ती फक्त पोपटासारखी चोच. ती ज्या भोकातून जाईल त्यातून सगळा प्राणी जातो. त्याला तीन हृदये असतात. दोन कल्ल्यांकडे रक्त ढकलतात, तिसरे उरलेल्या अंगाला पुरवते. पोहू लागला की हे तिसरे थांबते, म्हणून गडी पोहण्यापेक्षा सरपटणे पसंत करतो. रक्त निळसर, कारण त्यात आपल्या लोहाऐवजी तांबे आहे. सगळ्यांत मौज म्हणजे त्याच्या पन्नास कोटींच्या आसपास मज्जापेशींपैकी सुमारे दोनतृतीयांश डोक्यात नसून हातांत आहेत. चोषकांनी तो नुसता पकडत नाही, चवही घेतो. कल्पना करा, आपल्या बोटांना जिभा असत्या तर! शेणाचा सडा घालणे बायांना किती अवघड झाले असते. हे वाक्य वर्गात म्हणून पाहा, मुले पुढचे सगळे लक्ष देऊन ऐकतील.

एक गंभीर गोष्टही सांगितली पाहिजे. मादी अंडी घातल्यावर त्यांच्यापाशी बसून राहते, त्यांच्यावर पाणी फिरवते, अन्नाला शिवत नाही, आणि पिल्ले निघाली की मरते. साध्या जातींचे आयुष्य एकदोन वर्षांचेच. इतकी हुशारी, आणि इतकासा काळ.

विनोदी पुस्तकांत मला टोमी उंगेरर यांचे 'एमिल' फार आवडते. हे आल्साससारख्या सीमाभागातले चित्रकार. पुस्तक १९६० चे. एमिल नावाचा ऑक्टोपस एका पाणबुड्याला शार्कच्या तोंडातून सोडवतो, मग त्याच्या घरी पाहुणा म्हणून राहतो, वाद्ये वाजवतो, किनाऱ्यावर बुडणाऱ्यांना वाचवतो, चोरटा माल आणणाऱ्यांना पकडून देतो, आणि शेवटी मानपान सोडून समुद्रात परत जातो. ज्या प्राण्याला सारे भ्यायचे तो इथे गावचा मित्र होतो. हे पुस्तक हाताशी नसेल तर गोष्ट तोंडी सांगा आणि फळ्यावर आठ हात काढा. प्रत्येक हातात काय द्यायचे ते मुलांना ठरवू द्या. टाळ, खुरपे, लाटणे, खडू, काय वाटेल ते.

आता परसातल्या खोलीकडे. इथे आपली भाषाच आधी लाजते. 'परसाकडे', 'बाहेर', 'डबा घेऊन', 'टमरेल', 'गोदरी'. एवढी आडवळणे आपण घेतो. आणि जनावरांच्या बाबतीत मात्र हीच मराठी किती नेमकी! गाईचे शेण, शेळीच्या लेंड्या, घोड्याची लीद, चिमणीची शीट. शहरातल्या मुलाला हा फरक शिकवावा लागतो, आपल्याकडचे पाच वर्षांचे लेकरू तो जाणते. जर्मनीत १९८९ साली यावरच एक चित्रपुस्तक निघाले. लेखक वेर्नर होल्त्सवार्ट, चित्रकार वोल्फ एर्लब्रुख. जमिनीतून डोके वर काढलेल्या एका चिचुंद्रीसारख्या प्राण्याच्या टाळक्यावर कोणीतरी घाण करून जाते. तो घोड्याला, सशाला, बकरीला, गाईला, डुकराला विचारत सुटतो, आणि प्रत्येक जण आपापला नमुना दाखवून 'मी नव्हे' सिद्ध करतो. शेवटी माश्या गुन्हेगार ओळखतात. हा घाणेरडेपणा नव्हे, हा निसर्गाचा पाठ आहे, पुराव्यावरून निष्कर्ष काढण्याचा.

मोठ्यांसाठी अमेरिकेत १९२९ साली एक चिमुकले पुस्तक आले, चिक सेल या रंगमंचावरच्या नकलाकाराचे. त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. त्यातला सुतार फक्त संडासच बांधतो आणि मंदिर बांधणाऱ्याच्या गांभीर्याने त्यावर बोलतो. खोली सफरचंदाच्या झाडाखाली नको, कारण छपरावर फळ पडले की आतला माणूस दचकतो. वाट सरपणाच्या ढिगाजवळून न्यावी, म्हणजे लाजाळू बाई कोणी दिसले की चार लाकडे उचलून परत फिरेल, आणि दुपारपर्यंत चुलीपाशी सरपण भरलेले असेल! आपला एखादा वऱ्हाडी म्हातारा पारावर बसून असाच बोलला असता. हसू येते, आणि हसता हसता कळते की जागा निवडणे, दार कुठल्या बाजूला ठेवणे, आडोसा करणे, हे सगळे विचार करण्यासारखे आहे.

विनोदाने हा विषय मांडणारे आपल्याकडेही झाले, आणि ते आपल्याच मुलखातले. गाडगेबाबा आधी गाव झाडत आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून विचारून हसवत. ते १९५६ साली गेले. तुकडोजी महाराजांनी १९५५ च्या 'ग्रामगीते'त ग्रामशुद्धीला स्वतंत्र अध्याय दिला. तिकडे कोकणात अप्पा पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरीत संडासाचे सोपे नमुने स्वतः करून दाखवले आणि मैल्याचे खत शेताला घातले.

यांच्या हसण्यात आणि नंतरच्या काही सरकारी उत्साहात मात्र फरक आहे, तो स्पष्ट बोलावा लागेल. पहाटे शिट्ट्या वाजवत टमरेलवाल्याला गाठणारी 'गुड मॉर्निंग' पथके गावोगाव फिरली. लोक हसले, पण एका माणसाला उघडे पाडून हसले. बाबांच्या कीर्तनात सगळे गाव स्वतःला हसत असे. मुलांसाठी पुस्तक निवडताना हीच कसोटी लावावी. पुस्तकात गरीब, खेडवळ किंवा सफाई करणारा माणूस हसण्याचा विषय झाला असेल, तर ते पुस्तक परत ठेवा. विषय कितीही स्वच्छतेचा असो.

कारण प्रश्न गमतीचा नाही. २०१५ साली आपल्याच जिल्ह्यातल्या सायखेडा गावच्या एका बाईने घरी संडास बांधण्यासाठी मंगळसूत्र विकले. वर्तमानपत्रांत कौतुक झाले, सत्कारही झाला. ते योग्यच. पण मला त्या बातमीत हिशेब दिसतो. अंधार पडेपर्यंत थांबायचे, पाणी कमी प्यायचे, साप-विंचवाचे भय, पावसाळ्यातला चिखल, हे सगळे एका बाजूला आणि सौभाग्यलेणे दुसऱ्या बाजूला ठेवून तिने तोलले. शाळेतल्या मोठ्या मुलींचा हिशेब वेगळा नसतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलामुलींना स्वतंत्र स्वच्छतागृहे सांगितली आहेत. त्यांना पाणी आणि कडी आहे की नाही, ते मुली उघड बोलत नाहीत. ज्या वर्गात या विषयावर एकदा मोकळे हसणे झाले आहे, तिथे त्या बोलू लागण्याचा संभव जास्त.

२०१८ साली महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचे शासनाने जाहीर केले. तरी बांधलेल्या खोलीत कुटार नाहीतर गोवऱ्या भरलेल्या दिसतात, हे आपण जाणतो. पुष्कळदा कारण एवढेच, की 'खड्डा भरला तर उपसणार कोण' ही धास्ती. दोन खड्ड्यांच्या संडासात ती उरत नाही. भांड्यापासून निघणारी नळी एका चौकोनी कुंडीत येते आणि तिथून दोन फाटे फुटतात. एका वेळी एकच फाटा उघडा. पाचसहा माणसांच्या घरात साधारण तीन वर्षांनी पहिला खड्डा भरला, की तो बंद करून दुसरा सुरू करायचा. बंद खड्ड्यातला मैला वर्षदीड वर्षात कोरडा, बिनवासाचा होतो, आणि फावड्याने काढून वावरात टाकता येतो. खड्ड्याच्या विटांत फटी ठेवतात, म्हणजे पाणी जमिनीत मुरते. आपली काळी माती पाणी सावकाश पिते, म्हणून खड्डा जरा ऐसपैस हवा, आणि विहीर लांब. सातवी-आठवीच्या मुलांना याचा आराखडा वहीत काढायला सांगा. चिक सेलच्या सुताराची गोष्ट आधी, आराखडा नंतर. हा क्रम उलटा करू नका.

वाचून दाखवताना आवाज गंभीर ठेवावा. वाचणारा स्वतःच हसला की विनोद गेला. आणि साहसाची गोष्ट घंटेच्या दोन मिनिटे आधी, ऑक्टोपसचा हात दारातून आत येतो तिथे थांबवावी. पुस्तक टेबलावर उघडे ठेवून खोलीबाहेर जावे. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते, त्याचे जुने अंकही अशा कामाला फार उपयोगी पडतात.

एवढे सगळे झाल्यावर एखादे पोर हात वर करून हमखास विचारील, "गुरुजी, ऑक्टोपस परसाकडे कुठं जातो?" त्याला गप्प बसवू नका, प्रश्न शास्त्रीय आहे. ऑक्टोपसच्या अंगाला एक नळी असते. त्या नळीतून जोराने पाणी सोडून तो मागे उसळी मारतो, त्याच नळीतून शाईचा ढग सोडतो, आणि पोटातली घाणही त्याच नळीतून बाहेर टाकतो. राहण्याच्या कपारीत मात्र तो कचरा ठेवत नाही. खाल्लेल्या खेकड्यांची आणि शिंपल्यांची टरफले दाराबाहेर ढकलून देतो. दारात साचलेल्या त्या उकिरड्यावरूनच पाणबुडे त्याचे घर ओळखतात.