खंडेनवमी : पूजेआधी निदान

खंडेनवमीला शस्त्रे व अवजारे पुजावीत, असा आपला प्रघात आहे. शेतकऱ्याचा नांगर, सुताराचा रंधा, लेखकाची लेखणी यांच्या पंक्तीत आता गृहिणीचा मिक्सरही झेंडूची फुले लेवून बसतो. ज्याच्यावर आपला निर्वाह, त्याच्यापुढे वर्षातून एकदा हात जोडावेत, हा त्यामागील भाव. परंतु पूजा करणारे आपण त्या यंत्राला ओळखतो किती? मावळातील सोमाटणे गावी आम्हांला हा प्रश्न पडला.

नवरात्रातील कीर्तनासाठी आम्ही तेथे उतरलो होतो. चौराई देवीच्या डोंगराकडे भाविकांची रीघ लागली होती. यजमानांच्या सूनबाई घरी भाजणी व चटण्या करून विकतात. दिवाळीच्या मागण्या हाती आलेल्या, आणि ऐन अष्टमीला मिक्सर बंद पडला. "जुनाच झालाय. तळेगावहून नवा आणतो," यजमान म्हणाले. सूनबाईंचा चेहरा उतरला. त्या खर्चात त्यांची सणाची सारी मिळकत जाणार होती.

शेजारचा वायरमन आला. त्याने बटण दाबले. मोटर घुमू लागली, पाते मात्र जागचे हलेना. दुसरे भांडे लावले, तरी तेच. मग प्लग काढून त्याने भांड्यातले पाते हाताने फिरविले. ते मोकळे होते. म्हणजे वीज शाबूत, मोटर शाबूत, भांडेही शाबूत. दोष उरला तो मोटरीची गती भांड्याला पोचविणाऱ्या कपलरमध्ये. त्याचे दाते पार झिजले होते. अल्प मोलाचा तो तुकडा बदलताच मिक्सर पूर्ववत झाला. "बंद पडला" हे निदानच चुकीचे होते.

आयुर्वेदात चिकित्सेपूर्वी निदान सांगितले आहे. चरकाचार्यांनी व्याधींचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य असे भेद केले आहेत. यंत्रालाही ही दृष्टी लावता येते. मोटर मुकी झाली, तर प्रथम त्याच प्लगमध्ये दुसरे उपकरण लावून वीज येते का ते पाहावे. मिक्सरच्या तळाशी बहुधा एक लाल बटण असते. अतिभाराने ते बाहेर आले असेल, तर मोटर निवल्यावर दाबावे. आतून वाजवीपेक्षा अधिक ठिणग्या दिसल्या, तर कार्बन ब्रश झिजले असण्याचा संभव असतो. हे सारे सुखसाध्य. भांड्याच्या बुडातून पाणी झिरपत असेल वा पाते डगमगत असेल, तर तेथील बुश गेलेला असतो. तो जाणत्याकडून बदलून घ्यावा. धूर आणि जळका दर्प आला, तर मात्र वाइंडिंग जळालेले असू शकते. अशा वेळी दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्यावर जात असेल, तर नवे घेणेच शहाणपणाचे.

येथे एक आख्यान आठवते. मुंबईत सीमेन्समध्ये अभियंता असलेल्या सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा जर्मन मिक्सर बिघडला आणि तो दुरुस्त करण्याची सोय येथे नव्हती. आपल्या घरांतील डाळ-तांदळाचे वाटण आणि कोरडे मसाले यांचा भार वेगळा, हे त्यांनी ओळखले. त्यास पेलेल अशा मोटरीचा "सुमीत" मिक्सर त्यांच्याच उद्योगातून पुढे आला. बिघाड कशाने झाला, या एका प्रश्नातून घरोघरच्या पाट्या-वरवंट्याचे कष्ट हलके झाले.

सोमाटण्याची कथा मात्र येथे संपत नाही. निघता निघता वायरमनची दृष्टी न्हाणीघरातील पाणी तापविण्याच्या कांडीवर गेली. तिच्या नळीला बारीक चीर होती आणि त्या प्लगला अर्थिंगच नव्हते. "दहा वर्षं चालतेय की," यजमान म्हणाले. "ही दुरुस्त करायची नाही, आजच काढायची," वायरमनने निक्षून सांगितले. आम्ही खाली मान घातली. त्याच पहाटे बादलीत बोटे घालताच आम्हांला झिणझिणी आली होती. पाहुण्याने खोड काढू नये, म्हणून आम्ही गप्प राहिलो. त्या घरात दोन लहान मुले होती. आमचा तो संकोच केवढा महाग पडला असता!

जो टाकायचा तो मिक्सर राखण्याजोगा होता आणि जी राखली ती कांडी टाकण्याजोगी होती. वयावरून निर्णय केला, म्हणून दोन्ही चुकले. वस्तू किती जुनी हे पाहण्याआधी तिचा कोणता भाग गेला आणि त्यापासून जीवास धोका आहे काय, हे पाहावे. जिथे धोका, तिथे ममता नको आणि काटकसरही नको.

दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी, म्हणून केंद्र शासनाने 24 डिसेंबर 2022 रोजी "राइट टू रिपेअर" हे संकेतस्थळ उघडले आहे. टाकाऊ विद्युत उपकरणांसाठीचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. तेव्हा मोडकी वस्तू उकिरड्यावर न फेकता अधिकृत संकलकाकडे द्यावी.

नवमीला त्या घरी मिक्सरला हळदकुंकू वाहिले गेले. कांडीची वायर यजमानांनी स्वतःच्या हाताने कापली. वाचकहो, आज फूल वाहण्यापूर्वी प्लग काढून आपल्या घरातील प्रत्येक वायर एकदा पाहून घ्या. तीही पूजाच होय.